दोरी कुणाच्या हातात?

फ्रीमॉन्टला राहणाऱ्यांना किंवा ८८० वरून सॅन होजेकडे रोज ये-जा करणाऱ्यांना ती इमारत नवी नाही. लांबच लांब पांढरी भिंत, त्यावर टेस्लाचे नाव, बाहेर गाड्यांच्या रांगा. भारतातून आईबाबा आले की गोल्डन गेट आणि ॲपलचे ऑफिस दाखवून झाल्यावर परतीच्या वाटेवर आपण "ही टेस्लाची फॅक्टरी" म्हणून बोट दाखवतो आणि पुढे निघतो. त्या भिंतीआड गेल्या साठ वर्षांत जे घडले, ते मात्र पाहुण्यांना गाडी थांबवून सांगावे असे आहे. लग्नाआधी मी इचलकरंजीच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते, त्यामुळे एकाच जागेवर तीन राजवटी आल्या-गेल्या म्हटले की माझे कान टवकारतात.

यंत्रे आणली की कारखाना सुधारतो, असे आपण सगळेच धरून चालतो. त्यात आपला हा भाग म्हणजे नव्या तंत्रज्ञानाचे माहेरघर. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले तरी निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या 'ट्रान्सफॉर्मेशन'च्या प्रोजेक्टवर असतात. त्यातले कितीतरी वाजतगाजत सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत गुपचूप गुंडाळले जातात, हेही त्याच रांगेत दबक्या आवाजात कळते. का होते असे? या एका इमारतीच्या इतिहासात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

ही इमारत जनरल मोटर्सने साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधली. त्या काळी ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी होती. फ्रीमॉन्टचा कारखाना मात्र कंपनीच्या डोक्याला ताप होऊन बसला. दर दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. सोमवारी तर इतकी माणसे कमी पडत, की लाइन सुरू करायची कशी हाच प्रश्न. कामावर दारू चाले, जुगार चाले. रागावलेले कामगार मुद्दाम गाडीच्या दारात रिकाम्या बाटल्या टाकून दार बंद करत; गिऱ्हाईक बिचारे खडखडाट कुठून येतो ते शोधत बसे. मालक आणि युनियन यांच्यातल्या तक्रारींचे ढीग साठले होते. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने कारखान्याला कुलूप ठोकले.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की माणसेच वाईट होती. पण त्या कारखान्याचा एक अलिखित नियम लक्षात घ्यायला हवा. काहीही झाले तरी लाइन थांबवायची नाही. समोरून चाललेल्या गाडीला चुकीचा भाग बसला, नट राहून गेला, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. शेवटी बाहेरच्या आवारात दुरुस्तीवाले बघून घेतील. लाइन थांबली तर फोरमनची नोकरी जाण्याची भीती, म्हणून तो कामगाराच्या अंगावर ओरडणार. चूक दिसत असून गप्प बसायचे, आणि हे रोज आठ तास, वर्षानुवर्षे. शाळेत चुकीचे उत्तर तपासून 'बरोबर'ची खूण करायला कुणी मला लावले असते, तर माझेही मन कामातून उडाले असते.

दुसरी राजवट आली १९८४ मध्ये. जनरल मोटर्सला छोट्या गाड्या नफ्यात बनवायला शिकायचे होते आणि टोयोटाला अमेरिकेत अमेरिकन कामगार घेऊन गाड्या बनवता येतात का, ते पाहायचे होते. दोघांनी मिळून याच इमारतीत नवी कंपनी काढली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून होते 'न्यूमी'. टोयोटा घराण्यातलेच तात्सुरो तोयोदा पहिले अध्यक्ष झाले. युनियनच्या पश्चिम विभागाचे नेते ब्रूस ली (हो, हेच नाव, सिनेमातले ते वेगळे) यांचा आग्रह होता, की माणसे जुनीच घ्या. ज्या माणसांमुळे कारखाना बंद पडला असे सगळे म्हणत होते, तीच माणसे! पण नव्या कारखान्यातले सुमारे ८५ टक्के कामगार त्या जुन्यातलेच घेतले गेले.

टोयोटाने मग पहिली गोष्ट केली ती यंत्रे आणण्याची नव्हती. चारशेहून अधिक कामगार-प्रमुखांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात नेऊन, तिथल्या कामगारांच्या शेजारी उभे करून काही आठवडे काम करायला लावले. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे, की काम अडले तर शेजारचा जपानी माणूस "मदत करू का?" असे विचारतो, याचेच त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटले. परत निघताना निरोपाच्या वेळी धिप्पाड अमेरिकन गडी रडले म्हणतात.

आणि त्यांनी इथे परत आणली ती दोरी. लाइनच्या वर, हाताला येईल अशी एक दोरी प्रत्येक कामगाराच्या डोक्यावरून गेलेली असते. काही बिनसले, स्क्रू नीट बसला नाही, वेळेत काम आटपत नाही असे वाटले, की ती ओढायची. दिवा लागतो, एक धून वाजते आणि गटाचा प्रमुख धावत येतो. गाडी पुढच्या ठरावीक खुणेपर्यंत जाईतो अडचण सुटली तर ठीक, नाहीतर अख्खी लाइन थांबते. या व्यवस्थेला जपानीत 'आंदोन' म्हणतात. आंदोन म्हणजे मुळात कागदी कंदील! दिवाळी अंकात लिहायला मला हा शब्द मिळावा, याचा आनंद झाला. आपल्या आकाशकंदिलाचा हा लांबचा भाऊ घरी सण आहे असे सांगत नाही; इथे अडचण आहे, कुणीतरी या, असे सांगतो.

दोरी ओढली तर ओरडा बसत नाही, हे पटायला जुन्या कामगारांना वेळ लागला. पण पटले. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. एमआयटीच्या संशोधकांनी १९८६ च्या सुमारास काही कारखान्यांची तुलना केली. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम इथल्या जनरल मोटर्सच्या नेहमीच्या कारखान्यात एका गाडीच्या जोडणीला ३१ तास लागत होते, न्यूमीत १९ आणि जपानच्या ताकाओकात १६. शंभर गाड्यांमागे दोष मोजले तर फ्रेमिंगहॅममध्ये १३० च्या घरात. न्यूमीत आणि ताकाओकात सारखेच, ४५. न्यूमीत रोबोही होते, पण डोळे दिपावेत असे काही नव्हते.

हे सगळे गोड-गोड होते असेही नाही. कामाचा वेग फार, सेकंदासेकंदाचा हिशोब, माणसाला ताणून काम काढले जाते, अशी टीका त्या वेळी कामगार चळवळीतल्या लोकांनी केली, आणि तिच्यात तथ्य आहे. पण १९८८ च्या आसपास गाड्यांचा खप घसरला, काम कमी झाले, तेव्हा कंपनीने शब्द दिल्याप्रमाणे एकालाही घरी पाठवले नाही. रिकाम्या वेळात प्रशिक्षण दिले, कामाच्या पद्धती सुधारायला लावले. कामगाराने सुचवलेल्या सुधारणेने त्याचीच नोकरी जाणार असेल, तर कोण कशाला सुचवेल? ही साधी गोष्ट मोठमोठ्या अहवालांत फारशी दिसत नाही.

गंमत अशी, की न्यूमीत हा धडा निम्मा मालक म्हणून समोर दिसत असताना जनरल मोटर्स दुसरीकडे नेमके उलटे करत होती. १९८१ ते १९९० रॉजर स्मिथ कंपनीचे प्रमुख होते. जपान्यांना हरवायचे तर यंत्रांनी, असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी रोबो बनवणाऱ्या जपानी फानुकबरोबर १९८२ मध्ये भागीदारी केली, १९८४ मध्ये संगणक सेवांची ईडीएस ही कंपनी अडीचशे कोटी डॉलरला विकत घेतली, पुढच्याच वर्षी ह्यूज एअरक्राफ्ट घेतली. एकूण खर्च हजारो कोटी डॉलरच्या घरात गेला. एवढ्या पैशात टोयोटा आणि निसान या दोन्ही कंपन्या विकत घेता आल्या असत्या, असा हिशोब कंपनीच्याच अर्थविभागातल्या वरिष्ठाने मांडल्याचे सांगतात.

या स्वप्नाचे प्रदर्शन म्हणजे डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅमॅकचा कारखाना, १९८५ चा. शेकडो यंत्रहात, आपली आपण फिरणारी मालवाहू वाहने. प्रत्यक्षात काय झाले? रंग देणारे रोबो गाड्यांऐवजी एकमेकांना रंगवू लागले. एका जातीच्या गाडीचा बंपर दुसरीला बसू लागला. संगणकाच्या आज्ञेतली चूक सापडेपर्यंत सगळी लाइन ठप्प. रंगवायला गाड्या ट्रकवर चढवून जुन्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या कारखान्यात पाठवायची वेळ आली. सुरू होऊन वर्ष होत आले तरी कारखाना ठरल्या वेगाच्या निम्म्यावरच रखडत होता. १९८० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे ४६ टक्के जनरल मोटर्सच्या होत्या. दहा वर्षांनी ३५ टक्क्यांच्या आसपास.

यंत्रे वाईट नव्हती. आजच्या कारखान्यांत त्यांचीच पणतवंडे उत्तम काम करतात. पण ज्या कामाची घडीच नीट बसलेली नाही, जिथे भाग थोडे कमीजास्त मापाचे येतात आणि ते माणूस हाताने दाबून, ठोकून 'बसवून घेतो', तिथे रोबो आणला की तो दाबत नाही, ठोकत नाही आणि विचारतही नाही. माणसाने इतकी वर्षे निमूटपणे झाकलेले सगळे दोष एका दिवसात उघडे पडतात. ते काय आहेत हे फक्त त्या माणसालाच ठाऊक असते. आणि नवी योजना आखताना त्याच्याशी कुणी बोललेले नसते.

मग जनरल मोटर्सने न्यूमीची नक्कल केली नाही का? केली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात १९८७ पासून तशीच गटपद्धत आणली. फ्रीमॉन्टचे कामगार दोन वर्षे बेकार राहून आले होते. व्हॅन नाइसवाल्यांना ही पद्धत म्हणजे आपली माणसे कमी करायचा डाव वाटला. अधिकाऱ्यांनाही आपले राखीव पार्किंग आणि वेगळे जेवणघर सोडवेना. दोरी ओढली तरी सदोष भाग पाठवणारा पुरवठादार आणि चुकीचा आराखडा काढणारा विभाग दूर डेट्रॉइटला, तो कशाला दाद देतो! १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. दोरीची लांबी-जाडी मोजून नेता येते. ओढल्यावर कुणीतरी धावत येणे मात्र बरोबर नेता येत नाही.

न्यूमीचे पुढे काय झाले ते आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या जनरल मोटर्सने अंग काढून घेतले, एप्रिल २०१० मध्ये टोयोटाने शेवटची गाडी काढली आणि चांगला चाललेला कारखाना बंद झाला. कामाची पद्धत उत्तम असली तरी बाजार आणि मालकांचे हिशोब तिच्या हातात नसतात, हेही या कहाणीतच आहे. त्याच वर्षी टेस्लाने ४ कोटी २० लाख डॉलरला ती इमारत घेतली.

तिसरी राजवट आपल्या डोळ्यांदेखतची. २०१७ च्या जुलैत 'मॉडेल थ्री' सुरू झाली. वर्षअखेर आठवड्याला ५,००० गाड्या काढायच्या, असे इलॉन मस्क यांनी जाहीर केले होते. माणसाच्या गतीने चालणारा कारखाना त्यांना नकोच होता. सगळे यंत्रांनी, विजेच्या वेगाने. प्रत्यक्षात जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत मिळून २६० गाड्या झाल्या. आठवड्याला नव्हे, तीन महिन्यांत! भाग वाहून नेणारे सरकपट्ट्यांचे एक गुंतागुंतीचे जाळे उभारले होते, ते शेवटी उपटून काढावे लागले. नेवाडातल्या बॅटरीच्या कारखान्यात बॅटरीवर काचतंतूंची मऊ चटई ठेवायला एक रोबो होता. मऊ, लिबलिबीत वस्तू उचलणे रोबोला जमेना. तो दुरुस्त करण्यात बराच वेळ गेला. मग कुणीतरी विचारले, ही चटई असते कशाला? एक विभाग म्हणाला आवाज कमी व्हायला, दुसरा म्हणाला आगीपासून संरक्षण म्हणून. चाचणी घेतली, चटईने काही फरक पडत नव्हता. चटईही गेली, रोबोही गेला. एप्रिल २०१८ मध्ये मस्क यांनी जाहीरपणे मान्य केले, की यंत्रांचा अतिरेक ही आपली चूक होती आणि माणसांना आपण कमी लेखले.

त्याच उन्हाळ्यात कारखान्याच्या आवारात एक भलामोठा तंबू ठोकून त्यात पुष्कळशी हाताने चालणारी लाइन टाकली गेली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात ५,००० चा आकडा गाठला. तंबूवर तेव्हा लोक हसले. पुढे त्याच कारखान्यात त्यांनी यंत्रे वाढवली, पण एकेक पायरी समजून, आणि काही वर्षांत तो उत्तर अमेरिकेतला सर्वाधिक गाड्या काढणारा कारखाना म्हणून गणला गेला. म्हणजे मस्क यांचे स्वप्न मुळातच खोटे होते असे म्हणता येत नाही. त्यांनी घाई केली होती, आणि आधी काम समजून घ्यायचे सोडून यंत्र विकत घेतले होते.

आता थोडे इचलकरंजीकडे वळते, कारण ही दोरी तिकडूनही जाते. टोयोटा मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची तोयोदा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. त्याचे सुधारलेले रूप १९२४ मध्ये आले. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. आपल्या मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी हीच ती कंपनी. माग स्वतःच थांबत असल्याने एका माणसाला कितीतरी माग सांभाळता येऊ लागले आणि खराब कापड निघेना. गाड्यांच्या कारखान्यातली दोरी हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप. टोयोटाचे लोक 'स्वयंचलन' हा जपानी शब्दही जरा वेगळा लिहितात. 'हालचाल' या अर्थाच्या चिन्हाशेजारी 'माणूस' दाखवणाऱ्या दोन रेघा जास्तीच्या देतात. उच्चार तोच. फळ्यावर लिहून दाखवायला किती छान उदाहरण!

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला. आमच्या घरीही माग आहेत, साधे, चोवीस. उभा धागा तुटला की कामगाराच्या नजरेवरच सारी भिस्त. माझा धाकटा भाऊ ते चालवतो. त्याला आठ रॅपियर माग घ्यायचे आहेत, संगणकाच्या पडद्यावर सगळे दाखवणारे. बँकेचे कर्ज, घर तारण. मी अमेरिकेत, त्यातही इथे राहते म्हणून तो मला विचारतो, "ताई, तिकडं काय म्हणतात गं याबद्दल?" मी काय सांगणार? फ्रीमॉन्टची ही सगळी गोष्ट मी त्याच्यासाठीच वाचत गेले.

आमच्याच नात्यातल्या एकांनी तसे माग काही वर्षांपूर्वी घेतले. सूत जुन्याच दर्जाचे, सायझिंग जुनेच, वेग मात्र कितीतरी पट. धागे फटाफट तुटायचे. प्रत्येक तुटण्याला माग थांबायचा आणि पडद्यावर थांबल्याचा आकडा वाढायचा. शेठ संध्याकाळी तो आकडा बघून कामगारावर ओरडायचे. तिकडे मजुरी पिकावर (हे शेतातले नव्हे, आडव्या धाग्याची एक फेरी म्हणजे एक पीक). माग थांबला की कामगाराचा पैसा थांबला. मग एका पाळीच्या लोकांनी सोपा उपाय शोधला. धागा तुटल्याची खबर देणारी यंत्रणाच बंद करून ठेवली. माग धडाधड चालू, पडद्यावर आकडे सुंदर आणि कापडात फटी. तागे परत यायला लागले तेव्हा उलगडा झाला. शंभर वर्षांपूर्वी तोयोदांनी जे नेमके साधले होते, तेच पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातून काढून टाकले गेले. फ्रीमॉन्टच्या त्या पहिल्या राजवटीतला फोरमनही दुसरे काय करत होता?

हे भावाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पहिल्यांदा पगार बदलायला पाहिजे." मला वाटले, लाख बोललास. मी 'आधी प्रशिक्षण' वगैरे पुस्तकी काहीतरी बोलणार होते.

सध्या ठरले आहे ते असे. आठ नाही, चार माग घ्यायचे. पहिले सहा महिने त्यांवरच्या कामगारांना ठरलेला महिना पगार, पिकावर नाही. माग का थांबला ते पाळीच्या शेवटी एका वहीत लिहायचे: सूत, सायझिंग, वीज की आणखी काही. ती वही सूतवाल्याला आणि सायझिंगवाल्याला दाखवायला भावाने स्वतः जायचे. आमचे जॉबरमामा वडिलांच्या वेळेपासून आहेत. मागाचा आवाज ऐकून काय बिघडले ते सांगतात. खरेदीच्या आधी माग चालताना बघायला भावाबरोबर तेही जाणार आहेत. माझ्या नवऱ्याला ही वही ॲपवर आणायची फार हौस आहे. त्याला मी तूर्त थोपवून धरले आहे.

माग दिवाळीनंतर यायचे आहेत. जॉबरमामांनी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारली आहे, की पडद्यावर मराठी येते का. त्याचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते आल्याशिवाय भाऊ उरलेले पैसे भरणार नाही.